रिदम हेवन (निन्टेंडो डीएस): बोटांपेक्षा कानांचा गेम

तालावर खेळायच्या छोट्या छोट्या गेम्सचा हा गेम, जपानमध्ये 2008 ला आलेला, बाहेर 2009 ला, पण अजूनही खेळायला घेतला की सोडवत नाही राव. डीएस (निन्टेंडोचा हातात धरायचा, दोन स्क्रीनवाला कन्सोल) पुस्तकासारखा आडवा धरायचा, बटणं जवळपास विसरायची, सगळं स्टायलसवर (टचस्क्रीनचं पेन), टॅप करा, दाबून धरा नाहीतर झटका द्या, बस्स. झटक्याची सवय व्हायला मात्र वेळ लागतो, हळू ओढला की गेम मोजतच नाही.

त्यातला ग्ली क्लब हा छोटा गेम बघाच, तीन पोरं कोरसमध्ये गातात, त्यातला शेवटचा आपण, स्टायलस टेकवला की तोंड बंद, उचलला की आ सुरू, म्हणजे उचलायला विसरलात तर बेसूर चालूच ठेवतो तो, नाही नाही, उलट, टेकवायला विसरलात तर! लॉकस्टेप या दुसऱ्या गेममध्ये मधेच ऑफबीटवर (दोन ठोक्यांच्या मधल्या जागेवर) जायचं असतं, तिथे भलेभले गळतात, तबला-ढोलकीवाल्यांना कदाचित जमेल. चार गेम झाले की एक रिमिक्स, बहुतेक वेळा तेच चारही गेम नव्या गाण्यावर, पटापट बदलत, हा खरा माल.

संगीत त्सुन्कू या जपानी संगीत निर्मात्याचं, गाणी डोक्यातून जात नाहीत. सारखं फेल झालात तर गेममधल्या कॅफेचा कॅफेवाला तो छोटा गेम स्किप करू देतो, हे फार आवडलं. स्क्रीनकडे बघून खेळणाऱ्यांना त्रास होईल, डोळे मिटून खेळा सरळ.