हापूस स्वतःच्या वेबसाइटवर विकायचाय? शॉपिफाय की वूकॉमर्स

देवगड-रत्नागिरीकडचे अनेक बागायतदार व्हॉट्सअॅपवर पेट्या विकतात. ऑर्डरी वाढल्या की कुणाचे पैसे आले, कुणाची पेटी कुठल्या गाडीत गेली, याचा मेळ वहीत बसेनासा होतो. मग वेबसाइटचा विचार सुरू होतो आणि बहुतेक जण आधी डिझाइनं बघत बसतात. आंबा विकणाऱ्याने आधी बघायचा तो पिनकोड. निवड मुख्यतः दोघांत: शॉपिफाय म्हणजे महिन्याच्या भाड्यावर मिळणारं तयार ऑनलाइन दुकान, आणि वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडायचं दुकानाचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर).

तयार होत आलेला आंबा वाटेत अडकला की संपला. म्हणून जिथे वेळेत पोचतो, तिथलीच ऑर्डर घ्यायला हवी. इथे वूकॉमर्स सरळ उजवं ठरतं. त्यात शिपिंग झोन, म्हणजे माल पाठवायचा विभाग, पिनकोडवरून बनतो: 411* लिहिलं की 411 ने सुरू होणारे पुण्याचे सगळे पिनकोड एका झोनमध्ये येतात, 400* लिहिलं की मुंबईचे. प्रत्येक झोनला वेगळा दर लावता येतो. बाकीच्या भागांसाठी शिपिंगचा पर्यायच ठेवला नाही, तर तिथून ऑर्डर पुढे सरकत नाही. कॅश ऑन डिलिव्हरीही ठरावीक शिपिंगपुरतीच ठेवता येते, म्हणजे तुमची स्वतःची गाडी जाते तेवढ्याच भागात. हे सगळं वेगळं काही विकत न घेता होतं.

शॉपिफायमध्ये भारतातले झोन राज्यावर पडतात. दादर आणि गडचिरोली एकाच महाराष्ट्रात! पिनकोडची सोय ‘लोकल डिलिव्हरी’त आहे, पण ती तुम्ही स्वतः माल पोचवता तेवढ्यासाठी. कुरिअरने जाणाऱ्या पेट्यांना पिनकोडचं बंधन घालायचं, तर बाहेरचं अॅप घ्यावं लागतं.

आता पैसे. भारतात शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, मिळत नाही. रेझरपेसारखं गेटवे जोडावं लागतं आणि बेसिक प्लॅनवर शॉपिफाय अशा प्रत्येक ऑनलाइन ऑर्डरवर आपले 2% वेगळे घेतं. गेटवेचं शुल्क साधारण 2% आणि त्यावर 18% जीएसटी धरा. 1,500 रुपयांच्या पेटीमागे गेटवेचे 35.40 दोन्हीकडे जातातच, शॉपिफायवर त्यात आणखी 30 रुपये. हंगामात अशा 500 पेट्या गेल्या, तर फरक 15,000 रुपयांचा. महिन्याचं भाडं त्याशिवाय. हंगाम संपल्यावर दुकान थांबवून कमी भाड्यात ठेवता येतं, ही सोय मात्र आंब्याला फार उपयोगी आहे.

वूकॉमर्स फुकट, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि डोमेन (साइटचा पत्ता) तुमचं. त्याहून मोठा खर्च सांभाळायचा. वर्डप्रेस आणि प्लगइन्स अपडेट करणं, बॅकअप घेणं, हे कुणीतरी करायलाच हवं. एखादी रील चालली आणि एप्रिलमध्ये एकदम गर्दी झाली, तर स्वस्तातलं, अनेक साइट्समध्ये वाटलेलं शेअर्ड होस्टिंग कोलमडतं. तुम्ही तेव्हा बागेत असता, तोड चालू असते, त्या वेळी सर्व्हर कोण बघणार? शॉपिफायवर ही काळजी त्यांची. घरात किंवा गावात वेबसाइट सांभाळणारा भरवशाचा माणूस नसेल, तर ते 15,000 मला महाग वाटत नाहीत. माणूस असेल, तर मी डोळे झाकून वूकॉमर्स सांगेन.

विक्स ही वेबसाइट बनवायची आणखी एक सेवा दिसायला छान, पण तिच्या नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा टेम्पलेट (तयार मांडणी) निवडलं की त्याच साइटवर दुसरं चढवता येत नाही. झोहो कॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सेवेचा विचार, हिशोब आधीच झोहो बुक्स या त्यांच्याच हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर करा. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण पल्पवर आहे, त्यामुळे दोन्ही विकणाऱ्याचं बिल बरोबर निघायला हवं.

काहीही घेतलंत तरी डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्या. साइट बनवणाऱ्याच्या नाही. शॉपिफाय सोडताना मालाची यादी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) बाहेर काढता येते, मांडणी तिथेच राहते. वूकॉमर्सचं अख्खं दुकान दुसऱ्या होस्टिंगवर हलवता येतं. आणि हे हलवाहलवीचं काम पावसाळ्यात करा, मार्चमध्ये नको.