धावणाऱ्यांच्या घोट्यांसाठी बॅले: दादरमधील एका वर्गाविषयी

मॅरेथॉनच्या तयारीत आपण दमसास वाढवतो, मांड्या बळकट करतो, बूट पारखून घेतो. घोट्याखालच्या पावलाकडे मात्र ते दुखू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. वास्तविक एका पावलात 26 हाडे आणि 33 सांधे असतात आणि धावताना दर ढांगेला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार एकाच पायावर येतो. हा भार तोलणाऱ्या लहान लहान स्नायूंना वळण लावण्याचे काम बॅले नर्तक पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. दादर पश्चिमेच्या एका नृत्यशाळेत धावणाऱ्यांसाठी बॅलेच्या पायाभूत व्यायामांचा वर्ग चालतो. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत तिथे नियमित गेल्यावर बनलेले माझे मत येथे मांडत आहे.

या वर्गात नृत्य बसवले जात नाही. भिंतीलगतच्या आडव्या लाकडी दांड्याला, म्हणजे बारला, हलकेच हात टेकवून अनवाणी किंवा मऊ बॅले शूज घालून सगळे व्यायाम करायचे असतात. सुरुवात तांद्यूने होते. पाऊल जमिनीला घासत पुढे न्यायचे, त्यात आधी टाच सुटते, मग चवडा उचलला जातो आणि शेवटी फक्त बोटांची टोके टेकलेली राहतात. परतताना हाच क्रम उलटा. पाहणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही, पण थोड्याच वेळात तळपायाची कमान पेटल्यासारखी होते, कारण जाड फोमच्या बुटांत हे स्नायू क्वचितच इतके राबलेले असतात.

वर्गाचा गाभा मात्र रलव्हे हा आहे. रलव्हे म्हणजे टाचा उचलून चवड्यावर उभे राहणे, आधी दोन्ही पायांवर आणि पुढे एकाच पायावर. टाचा उचलण्याचा व्यायाम जिममध्येही करतात, तरीही येथील शिकवण मला कितीतरी सरस वाटली, कारण शिक्षिकांचे लक्ष संख्येकडे नसून घोट्याच्या रेषेकडे असते. भार अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांवर राहिला पाहिजे. तो करंगळीकडे घसरला की घोटा बाहेरच्या बाजूला कलतो, आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर आपला पाय नेमका त्याच दिशेने मुरगळतो. खाली येणे तर आणखी महत्त्वाचे. चार आकड्यांच्या संथ लयीत टाच उतरवताना पोटरी आणि टाचेमागचा ॲकिलिस कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि धावताना पाय टेकल्यावर त्यांना हेच करावे लागते. नंतर प्लीए, म्हणजे गुडघे वाकवून तोच व्यायाम होतो. गुडघा सरळ असताना पोटरीचा वरचा, फुगीर स्नायू जास्त काम करतो आणि वाकल्यावर त्याखालच्या सोलियसवर अधिक भार येतो. लांब पल्ल्याच्या धावण्यात या सोलियसचा वाटा फार मोठा असतो. शेवटी बारवरचा हात सोडून, डोळे मिटून एका पायावर तोल सांभाळायचा असतो.

माझा वेग यामुळे वाढला, असा दावा मी करणार नाही. पण पेडर रोडचा चढ चढताना आता चवड्याने दिलेला रेटा जाणवतो आणि शिवाजी पार्कच्या उंचसखल मातीवर घोटा पूर्वीसारखा डगमगत नाही. मला स्वतःला हा लाभ वेगापेक्षा मोलाचा वाटतो.

माझा मुख्य आक्षेप पाय बाहेर वळवून उभे राहण्याच्या आग्रहाला आहे. बॅलेत हे वळण खुब्याच्या सांध्यातून यायला हवे. धावणाऱ्यांचे खुबे बहुधा आखडलेले असतात, त्यामुळे ते गुडघ्यातून जोर लावून पावले वळवतात, गुडघ्याला पीळ बसतो आणि तळपायाची कमान आत कोसळते. शिवाय धावताना पावले साधारण सरळ पुढे पडतात, तेव्हा सरावही बहुतांश समांतर पावलांनीच व्हायला हवा. विचारल्यावर शिक्षिकांनी आनंदाने मुभा दिली, पण नवख्याला हे विचारायचे सुचणार नाही. ते पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे. तुकडीही मोठी आहे. मागच्या रांगेपर्यंत शिक्षिकांची नजर पोहोचत नाही आणि चुकीच्या रेषेत केलेला रलव्हे पाय बळकट करण्याऐवजी चुकीची सवय पक्की करतो, म्हणून लवकर जाऊन आरशाजवळची जागा धरावी. वर्ग शनिवारी संध्याकाळी असतो, ही आणखी एक अडचण. रविवारी पहाटे मरिन ड्राइव्हवर लांब पल्ला धावणाऱ्याच्या पोटऱ्या आदल्या रात्री थकवणे योग्य नाही.

लाकडी जमीन उत्तम आहे. महिन्याचे शुल्क चांगल्या रनिंग शूजच्या जोडीपेक्षा बरेच कमी आहे. टाच किंवा ॲकिलिस सध्या दुखत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावे. हा वर्ग उपचार नव्हे. बाकीच्यांनी जूनमध्येच नाव नोंदवावे, कारण स्नायूंच्या मानाने कंडरा सावकाश बळकट होतात आणि मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत एका पायावरचे रलव्हे थांबवून केवळ तांद्यू आणि तोलाचे व्यायाम चालू ठेवावेत.