पुण्यातल्या ब्रेन स्टिम्युलेशन सेंटरचा अनुभव : पाचपैकी साडेतीन

मी मिरजेत ब्लाउज शिवते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे टेपचा विषय येणार आहे.

लेक नऊ वर्षांची, घरात तिला माऊ म्हणतो. चार वर्षांची असल्यापासून फिट येतात. उजवा हात ताठतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं शब्द फुटत नाही. ऑक्सकार्बाझेपिन झालं, लेव्हेटिरॅसिटाम झालं, आता त्यावर क्लोबाझाम चालू आहे. नीट निवडलेली दोन औषधं पुऱ्या डोसमध्ये देऊनही फिट थांबल्या नाहीत, तर ती औषधांना दाद न देणारी फिट धरतात. साधारण तिघांतल्या एका पेशंटचं असं होतं म्हणे. ऑपरेशनचाही विचार झाला. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रामध्ये १९९५ पासून फिटची ऑपरेशनं होतात, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्यावर कळलं की मेंदूत माऊची फिट सुटते ती जागा बोलण्याच्या भागाला खेटून आहे. म्हणून तूर्त ऑपरेशन नको असं ठरलं.

मग आम्ही पुण्यातल्या या सेंटरला गेलो. इथे फिट कमी व्हाव्यात म्हणून डोक्यावरून मेंदूला मंद करंट देतात. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत.

रिसेप्शनवरच्या मुलीने फोनवरच सांगितलं, "नव्वद टक्के मुलांना फरक पडतो, मॅडम." आत डॉक्टरबाई भेटल्या, त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ते मोडीत काढलं. पहिला प्रश्न, "ऑपरेशनसाठी दाखवून आलात का?" मग म्हणाल्या, या उपचाराला अमेरिकेतही फिटसाठी मान्यता नाही. थायलंडमध्ये २०१३ साली ३६ मुलांवर एकाच सिटिंगचा प्रयोग झाला होता. त्यात ईईजीमधला, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखातला, गोंधळ दोन दिवस चांगला कमी दिसला, पण महिन्याभराने उरलेला फरक अगदी किरकोळ होता. "दहा सिटिंगनी जास्त टिकेल अशी आशा आहे, गॅरंटी नाही. औषधाची एकही गोळी बंद करायची नाही." बाईंना या एका गोष्टीसाठी पाच स्टार. रिसेप्शनला शून्य.

या उपचाराचं नाव टीडीसीएस. यंत्र दिसायला जुन्या रेडिओएवढं. दोन वायरी, दोन रबरी पट्ट्या, त्यांवर मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज. ऋण टोकाचा स्पंज फिट सुटते त्या जागेवर, धन टोकाचा उजव्या खांद्यावर. करंट १ मिलिअँपिअर, वेळ २० मिनिटं. हे शॉक देणं नव्हे. झटका येत नाही, भूल लागत नाही. ऋण टोकाखालच्या पेशी थोड्या सुस्तावतात, पेटायला वेळ लावतात, एवढाच हिशेब. माऊच्या शब्दांत, "आधी मुंग्या चावतात, मग झोपतात." उठल्यावर कपाळाच्या कडेला चौकोनी लाली, ती अर्ध्या तासात जाते.

पहिला दिवस तेलात गेला. पुण्याला निघायचं म्हणून सासूबाईंनी माऊला डोकं थबथबेपर्यंत तेल लावलेलं. तेलावर करंट धरत नाही. सेंटरच्या बेसिनमध्ये शॅम्पू, मग पंख्याखाली केस वाळवणं, चाळीस मिनिटं तिथेच. फोनवर नव्वद टक्के सांगता, तर तेल लावू नका एवढंही सांगा की.

आता टेप. तिथली टेक्निशियन ताई रोज माऊचं डोकं मोजायची. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, त्याचे दहा टक्के, वीस टक्के असे हिस्से पाडून पेन्सिलीने खूण. मी वीस वर्षं मापं घेतेय, हात ओळखता येतो. हिचा टेप सैलही नसायचा, ताणलेलाही नसायचा. सातव्या दिवशी ती रजेवर. बदली आलेल्या पोराने नुसतं बघून स्पंज बांधला. मी म्हटलं, "दादा, माप?" तो म्हणाला, "सवय आहे, काकू." सवयीने कापलेले ब्लाउज परत येतात हे मला चांगलं माहीत आहे. टेप आणायला लावला, मोजायला लावलं. स्पंज जवळजवळ दोन बोटं मागे बसला होता. फिट सुटते ती जागा सोडून शेजारच्या घरी करंट द्यायचा, तर पैसे कशाचे?

चौथ्या सिटिंगला माऊला खुर्चीतच फिट आली. ताईने करंट बंद केला, कूस वळवली, तोंडात काही घातलं नाही आणि मोठ्याने वेळ सांगितली. एक मिनिट चाळीस सेकंद. पाच मिनिटांवर गेली असती तर फिट थांबवणारा, नाकात मारायचा मिडॅझोलमचा स्प्रे टेबलावर काढून ठेवलेला होता. आमच्या गल्लीत अजून चप्पल हुंगवतात. (मीही एकदा हुंगवली आहे, खोटं कशाला बोलू.)

पैशांचं सांगते. दहा सिटिंगचे १५,००० रुपये, सगळे आगाऊ. मधे माऊला ताप आला, एक सिटिंग बुडालं, ते ना परत मिळालं ना पुढे ढकललं. पावती तीनदा मागितल्यावर मिळाली. धनकवडीत भावाकडे राहिलो म्हणून दोन आठवड्यांच्या राहण्याचा खर्च वाचला. बाहेरगावच्यांनी तो धरूनच हिशेब करावा.

फरक पडला का? ऑर्डरच्या वहीत डाव्या पानावर गिऱ्हाइकांची मापं आणि उजव्या पानावर माऊच्या फिट, असं मी कधीपासून लिहिते. आधीच्या चार आठवड्यांत ३१. नंतरच्या चार आठवड्यांत २१. त्यापुढच्या चारांत २७. शेवटच्या ईईजीत काटे (फिटच्या खुणा असलेली आलेखातली टोकं) कमी दिसले, मला केवढा आनंद झाला. बाई म्हणाल्या, "काटे कमी होणं वेगळं, फिट कमी होणं वेगळं. तुमची वहीच खरी." पण वहीतही एक गोम आहे. तापात फिट वाढल्या तेव्हा क्लोबाझामचा डोस वाढवला आणि तो तसाच ठेवला. मग ३१ चे २१ करंटने केले की गोळीने, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? यांचं म्हणणं, करंटने. सासूबाईंचं म्हणणं, अंगाऱ्याने.

त्रास मात्र काही झाला नाही. शाळा बुडाली तेवढीच.

जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारावं की डोकं रोज मोजणार का, आधीची आणि नंतरची ईईजी पैशांत धरली आहे का (आमची आधीची धरली होती, नंतरची नाही, २,२०० वेगळे), आणि सिटिंग बुडालं तर काय. आणि महिनाभर आधीपासून वहीत लिहायला लागा, नाहीतर नंतर ताडून बघायला काही उरत नाही.

रिसेप्शनवरून आता दुसऱ्या पॅकेजचा मेसेज येतोय, दहा टक्के सूट. तूर्त नाही. बाईंनीच कीटो आहाराच्या (फिटसाठी देतात तो भरपूर स्निग्ध आहार) डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आहे, पुढच्या सोमवारी जायचंय. त्यात तूप, खोबरं, अंडं सगळं ग्रॅमवर मोजून द्यायचं असतं. लक्ष्मी मार्केटातून छोटा वजनकाटा आणून ठेवला आहे.