316 कार्पेट, 4 माणसं, 19 महिने आणि बसलेला पंप

गेल्या रविवारी सकाळी मी कमरेपर्यंत बेडच्या आत होतो. दिवाळी तोंडावर आलीये, चकलीचा सोऱ्या आणि मोठी परात हवी होती आणि या दोन्ही वस्तू बेडच्या पार डोक्याकडच्या कोपऱ्यात, म्हणजे झाकण वर करून पायाकडून आत शिरल्याशिवाय हाताला लागत नाहीत. तर मी आत वाकलेलो आणि ते हायड्रॉलिक झाकण, म्हणजे दोन पंपांवर वर तोललेलं, हळूहळू, काही आवाज न करता, गादीसकट माझ्या पाठीवर येऊन टेकलं. मी ओरडलो, काय झालं बघायला मुलीने दार ढकललं, आमच्या बेडरूमचं दार आत उघडतं, ते मागून बसलं. वर गादी, मागे दार, पुढे परात. लागलं फारसं नाही, पण आत अंधारात पडल्या पडल्या ठरवलं की या घराबद्दल आता लिहायचंच.

बेसिक माहिती थोडक्यात. विक्रोळी पूर्व, कन्नमवार नगर, रिडेव्हलपमेंटची बिल्डिंग, आमचा फ्लॅट रिसेलचा. आधी बदलापूरला भाड्याच्या टू बीएचकेत होतो. मार्च 2024 ला इथे आलो. मी, बायको, सातवीतली मुलगी आणि वर्षातले चार-पाच महिने आई, ती चिपळूणहून येते आणि येताना निम्मं चिपळूण घेऊन येते. घर 316 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, कागदावर वन बीएचके. टेप लावून मोजलं तर 301 भरलं. मी एजंटवर चिडलो, मग कळलं की रेराच्या, म्हणजे घरबांधणीच्या कायद्याच्या, व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जाडी कार्पेटमध्येच धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी तेवढी वगळतात. म्हणजे 15 फूट भिंत आमच्या मालकीची आहे, तिच्यात खिळा सोडून काही ठेवता येत नाही. हॉल 13 बाय 9, बेडरूम 10 बाय 9, किचन 8 बाय 6. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

आता बेड. सगळे सांगतात की छोट्या घरात स्टोरेजवाला बेड घ्या, आम्हीही घेतला, 5 बाय सव्वासहा. 6 बाय 6 बसला असता पण मग कपाट आणि बेडच्या मध्ये एक फूट राहिला असता आणि आई काही खेकडा नाही. आता हिशोब बघा, 5 गुणिले सव्वासहा म्हणजे 31 चौरस फूट. 316 चा दहावा हिस्सा! घराचा दहावा हिस्सा मी दोन पंपांवर टांगलाय हे मला पाठीवर झाकण येईपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. त्या 31 फुटांत काय काय आहे ते सांगतो: पाहुण्यांच्या दोन गाद्या, चार गोधड्या, रजया, आईचं अंथरूण, बायकोच्या लग्नातल्या साड्या, मुलीची पहिलीपासूनची चित्रं (टाकू देत नाही), सोऱ्या, परात, मोदकपात्र, माझी बीकॉमची पुस्तकं, फॅनचा रिकामा खोका आणि एक टेबल फॅन जो त्या खोक्यात बसत नाही. हे सगळं आता लॉक. कारण झाकण उचलायला दोन माणसं, धरून ठेवायला एक आणि आत शिरायला एक, आणि पायाकडे साडेतीन फुटांची जागा, ज्यात दारही उघडतं. तिसरं माणूस उभं कुठे राहणार?

दुकानात फोन केला. बेडला पाच वर्षांची वॉरंटी म्हणून बिलावर शिक्का मारलाय. तर म्हणे, 'पंप पे वॉरंटी नहीं आता साहब, वो चालू चीज है.' हायड्रॉलिक बेडमधून हायड्रॉलिक वगळून वॉरंटी. मग उरलं काय, पेटी! पेटीला मीही पाच वर्षांची वॉरंटी देतो. नवे पंप बसवायचे 2,800 सांगितले आणि माणूस दिवाळीनंतर येईल म्हणाले. मी म्हटलं परात दिवाळीच्या आधी लागते. फोन ठेवला त्याने.

बरं, राग जरा बाजूला ठेवून घराचं सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस नुसता बेडवरच बोलतोय.

फायदे आहेत, आणि मी ज्या फायद्यांसाठी आलो होतो ते वेगळे निघाले. एक, मालमत्ता कर. मुंबई महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना 2022 पासून माफ आहे. हे मला व्यवहार करताना माहीत होतं आणि मी त्यावर फार खूश होतो. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं, बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, सहाऐवजी पाच टक्के भरलं. तेव्हापासून मी काही बोललो की ती म्हणते भाडेकरूंनी जास्त बोलू नये. असो, टक्का वाचला.

पण वरचे वाचलेले पैसे मेंटेनन्सने खाल्ले. माझा समज होता की घर लहान तर मेंटेनन्सही लहान. आमच्या बिल्डिंगमध्ये 560 कार्पेटचे टू बीएचके आहेत, त्यांना महिना 3,300 येतो आणि आम्हाला 2,900. फक्त 400 रुपयांचा फरक. सोसायटीच्या पहिल्याच एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, मी उभा राहून जोरात भाषण केलं की हा छोट्या घरवाल्यांवर अन्याय आहे, फुटाप्रमाणे लावा. सेक्रेटरी काकांनी शांतपणे उपविधीचं, म्हणजे सोसायटीच्या नियमांचं, पुस्तक पुढे सरकवलं. वाचलं. वॉचमन, झाडूवाला, जिन्यातले दिवे या सगळ्या सेवा शुल्काची वाटणी आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमागे सारखी, लिफ्टचा खर्चही सारखा. पाणी नळांच्या संख्येवर आणि साइझवर. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण) आणि दुरुस्ती फंड तेवढे बांधकाम खर्चावर, म्हणजे मोठ्या घराला जास्त. वॉचमन काही माझ्या दाराकडे कमी वेळ बघत नाही, हेही खरंच आहे. खाली बसलो. चहा बरा होता. पण छोटं घर घेणाऱ्यांनी हे आधी बघा, मेंटेनन्स निम्मा येईल असं धरून ईएमआयचं गणित मांडू नका.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती किराण्याची. बदलापूरला आम्ही तांदळाची 26 किलोची गोणी घ्यायचो, तेलाचा 15 लिटरचा डबा, गहू, मसाला वर्षाचा. इथे ठेवायला जागाच नाही, त्यामुळे 5-5 किलोने आणतो आणि प्रत्येक वेळी किलोमागे चार-सहा रुपये जास्त देतो. म्हणजे जागा वाचवायला पैसे जातात. आईने यंदा दहा किलो सुरय तांदूळ आणला, तो सहा महिने सोफ्याच्या मागे होता आणि आल्यागेल्याला वाटायचं आम्ही तिथे उशी ठेवलीये.

लाइटबिल मात्र उतरलं. हॉलमध्ये एक ट्यूब लावली की किचनपर्यंत दिसतं. एक राउटर, एक एसी, एका बादलीत लादी पुसून होते, झाडणं-पुसणं धरून वीस मिनिटं. बदलापूरला रविवारची सकाळ त्यातच जायची. आणि प्रवास. ऑफिस पवईला. बदलापूरहून कांजूरला, म्हणजे पवईसाठी उतरायच्या स्टेशनला, यायचं तर फास्ट ट्रेन तिथे थांबत नाही, ठाण्याला उतरून स्लो पकडा, मग बस नाहीतर शेअर रिक्षा, जाऊन-येऊन तीन तास धरा. आता एका बाजूने अर्धा-पाऊण तास, आणि जून 2025 ला विक्रोळीचा पूल सुरू झाल्यापासून पश्चिमेला जायचा वळसाही गेला. रोजचे दीड-दोन तास मिळाले. ते मी घरी काढतो, आणि घरी चार माणसं आहेत, आणि घर 301 फूट आहे, तर ते मिळाले की गेले यावर माझं आणि बायकोचं एकमत नाही.

पावसाळ्याचं जास्त लिहित नाही, हॉलमध्ये पुलीवर कपडे, ओल्या जीन्सखाली बसून मुलीचा अभ्यास. सुकट भाजली की दुसऱ्या दिवशी तिच्या युनिफॉर्मला वास, वर्गात कोणीतरी बोललं म्हणून रडून आली, तेव्हापासून सुकट फक्त शनिवारी संध्याकाळी. बाथरूम एकच, सकाळचं टाइमटेबल फ्रिजवर लावलंय, आईला ते मान्य नाही.

एक चांगली गोष्ट, बायकोशी भांडण झालं की फुगून बसायला वेगळी खोली नाही. तिघांना पाणी प्यायला किचनमध्ये एकेकानेच जावं लागतं आणि पॅसेजमध्ये 'सरक' म्हणायला तरी तोंड उघडावंच लागतं.

बुधवार. वरचं सगळं रविवार-सोमवारी लिहिलं होतं. आता अपडेट.

पंप ऑनलाइन मागवले, जोडी 1,100 रुपये. शेजारच्या काकूंनी त्यांच्या ओळखीचे मिस्त्री पाठवले, 400 घेतले. त्यांनी जुना पंप काढून मला दाखवला, अंगावर 800 एन लिहिलंय, म्हणजे 800 न्यूटन, एवढा जोर तो लावतो. आत दाबून भरलेला गॅस असतो, सील गेलं की हळूहळू निसटतो, मग झाकण अर्ध्यावर थांबेनासं होतं. एकच बदलू नका, जोडी बदला, नाहीतर झाकण एका बाजूने मुरडतं, हे त्यांनी सांगितलं. मग विचारलं, 'साहेब, गादी हीच होती का?' नव्हती. बेड घेतला तेव्हा फोमची हलकी गादी होती, आठ महिन्यांनी माझी पाठ धरायला लागली म्हणून मी सहा इंची कॉयरची आणली. ती उचलतानाच दोन माणसांचा घाम निघाला होता. म्हणजे 800 चे पंप फोमच्या हिशोबाने होते आणि वर मी नारळाचं शेत ठेवलं. नवे 1200 चे बसवलेत. तर दुकानदाराला घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या परत घेतो. उरलेल्या निम्म्या वॉरंटीच्या शिक्क्यासाठी आणि फोन आपटल्याबद्दल ठेवतो. तुम्ही घेणार असाल तर झाकणाचं आणि गादीचं वजन सांगूनच पंप घ्या, आणि गादी बदलली तर पंपही बघा.

मंगळवारी मामा आले होते, आईला भेटायला. मामा नायगावच्या बीडीडी चाळीत, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या सरकारी चाळीत, वाढले, 160 चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावर कॉमन. त्या चाळी 1920 च्या दशकातल्या. त्यांच्या खोलीत एकेकाळी गावचे धरून नऊ जण राहायचे, रात्रपाळीवाले दिवसा झोपायचे आणि दिवसपाळीवाले रात्री, अंथरुणं तीच. या चाळींचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, वरळीला ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या लोकांना 500 फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांचं अजून व्हायचंय, म्हणून ते सध्या प्रत्येकाचं घर मापाच्या नजरेने बघतात. मी त्यांना पंपाची सगळी कथा न्यूटनसकट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'आम्ही खाटेच्या पायाखाली चार-चार विटा लावायचो रे. खाली ट्रंका सरकवायच्या, त्याच्यापुढे पोरं झोपायची. विटेला कसला आलाय पंप?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बॉक्स बेडला पाय नसतात हे एक म्हणून बघितलं, पण ते उत्तर नव्हे हे मलाही कळलं.

स्टार द्यायचे तर घराला 5 पैकी साडेतीन. रविवारी दोन दिले असते. बेडला दोन, दुकानाला एक, मिस्त्रींना पाच. टू बीएचके बघतोय का? बघतो, रोज बघतो मोबाइलवर, आणि किंमत बघून परत पुलीखाली येऊन बसतो.

बायकोचा मात्र नव्या पंपांवरही विश्वास नाही. कपडे वाळत घालायची जुनी बांबूची काठी होती, तिने ती मिस्त्रींकडून झाकणाच्या मापाने कापून घेतली आणि आता बेड उघडला की आधी काठीचा टेकू लावायचा, मगच आत हात घालायचा, असा नियम केलाय. काल परात अशीच काढली, काही झालं नाही. काठी बेडरूमच्या दारामागे उभी करून ठेवलीये. त्यामुळे दार आता पूर्ण उघडत नाही.