एक्स-टी२० आणि एम४२ स्क्रूच्या तीन जुन्या लेन्स: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून माझ्या पिशवीत फुजीफिल्मचा एक्स-टी२० हा २०१७ सालचा छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि स्क्रूने बसणाऱ्या तीन जुन्या लेन्स असतात: सोव्हिएत बनावटीची हेलिऑस ४४-२ (नाभीय अंतर ५८ मिमी, एफ/२), जपानी असाही कंपनीची सुपर-टाकुमार ५५ मिमी एफ/१.८ आणि त्याच मालिकेतील १३५ मिमी एफ/३.५. अशा लेन्सविषयी जे वाचायला मिळते, त्यातील बहुतेक चर्चा पार्श्वभूमीच्या धूसरपणाभोवती फिरते. इतके महिने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की लेन्सची काच कशी आहे याच्या आधी तिचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफ/ नंतरचा आकडा जितका लहान तितके ते जास्त उघडे) कसे उघडते-मिटते आणि फोकसची रिंग किती फिरते, हे पाहायला हवे. छायाचित्र वेळेवर मिळते की निसटते, हे बहुतेक वेळा त्यावरच ठरते.

जुनी लेन्स मिररलेसवर बसते याचे कारण साधे आहे. एसएलआर, म्हणजे आरशाच्या साहाय्याने व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरशासाठी जागा सोडावी लागत असे. एम४२ पद्धतीत हे अंतर ४५.४६ मिमी आहे. फुजीच्या एक्स माउंटमध्ये (लेन्स बसवण्याच्या पद्धतीत) आरसाच नसल्यामुळे ते १७.७ मिमी आहे. उरलेले २७.७६ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे ॲडॉप्टर. त्यात काच नसते, त्यामुळे चित्राच्या दर्जात त्याने काही बिघडण्याचे कारण नसते. एम४२ म्हणजे ४२ मिमी व्यासाचा आणि आट्यांमध्ये १ मिमी अंतर असलेला स्क्रू. कॉन्टॅक्स एस आणि प्राक्टिका हे पूर्व जर्मनीतील कॅमेरे १९४९ मध्ये हा स्क्रू घेऊन आले आणि पुढे जपानपासून सोव्हिएत संघापर्यंत अनेक कारखान्यांनी तो स्वीकारला. त्यामुळे दोन वेगळ्या देशांतील माझ्या तिन्ही लेन्सना एकच ॲडॉप्टर पुरतो.

तरीही या नळीवर पैसे वाचवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. मी प्रथम घेतलेल्या स्वस्त ॲडॉप्टरमध्ये किंचित ढिलेपणा होता. फोकसची रिंग फिरवायला लागले की आधी लेन्सच थोडी सरकत असे आणि मोठे करून पाहिलेले चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये उडी मारत असे. शिवाय आतील बाजूचा रंग चकचकीत असल्याने समोरून प्रकाश आला की सगळे चित्र दुधाळ होई. दुसरा ॲडॉप्टर घट्ट बसतो आणि आतून मंद काळा आहे. तोही प्रमाणित मापापेक्षा केसभर आखूडच आहे, म्हणजे फोकस अनंताच्या (सर्वांत दूरच्या अंतराच्या) खुणेच्या थोडा पुढे जातो. परंतु लांब असण्यापेक्षा आखूड असणे केव्हाही बरे, कारण लांब ॲडॉप्टरवर दूरचा डोंगर कधीच स्पष्ट येत नाही. लेन्सवरील अंतराच्या आकड्यांवर मात्र अशा वेळी विसंबू नये.

ॲडॉप्टर निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अनेक एम४२ लेन्सच्या मागे एक छोटी पिन असते. फिल्म कॅमेरा छायाचित्राच्या क्षणी ती दाबत असे आणि ॲपर्चर मिटत असे. काही ॲडॉप्टरमध्ये ही पिन कायम दाबून ठेवणारा आतला काठ असतो. हेलिऑस ४४एम-४ सारख्या, स्वयंचलित आणि हाताने चालवण्याचा खटका नसलेल्या लेन्ससाठी तो काठ आवश्यकच आहे. माझ्या टाकुमारवर मात्र असा खटका आहे, आणि बिनकाठाच्या ॲडॉप्टरवर त्याचा सुंदर उपयोग होतो: खटका एका बाजूला असताना लेन्स पूर्ण उघडी राहते, फोकस झाला की अंगठ्याने खटका सरकवायचा आणि ॲपर्चर आधी ठरवलेल्या आकड्यावर येते. काठाचा ॲडॉप्टर लावला की ही सोय संपते. खरेदीच्या वेळी दुकानदार हा फरक सहसा सांगत नाहीत.

हेलिऑस ४४-२ मध्ये पिनच नाही. तिची रचना याहून जुनी आहे. समोरच्या बाजूला दोन रिंग आहेत: एकीवर आकडे आणि थांबे, तर दुसरी मोकळी, थांब्याविना फिरणारी. पहिली एफ/४ वर ठेवली की दुसरी फक्त एफ/२ ते एफ/४ एवढ्याच टप्प्यात फिरते. एसएलआरच्या जमान्यात ॲपर्चर मिटले की व्ह्यूफाइंडर अंधारत असे. म्हणून उघड्या ॲपर्चरवर फोकस करायचा आणि मग डोळा न काढता ते मिटवायचे, यासाठी ही योजना होती. स्वयंचलित ॲपर्चर आल्यावर ती मागे पडली. आज साध्या ॲडॉप्टरवर स्वयंचलित पद्धत निरुपयोगी ठरते आणि ही मागे पडलेली पद्धत पुन्हा सर्वांत सोयीची होते.

याचा खरा प्रत्यय मला पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आला. मठारकाम करणारे कारागीर तांब्याचे भांडे लोखंडी आधारावर टेकवून हातोडीच्या नेमक्या ठोक्यांनी त्यावर ओळीने खळगे उमटवतात. ठोका पडतो त्या जागेवर फोकस हवा असतो आणि भांडे सतत फिरत असते. दीड मीटरवरून एफ/२ ला स्पष्टतेची पट्टी साधारण ५ सेंमी असते, एफ/४ ला ती ११ सेंमीच्या आसपास जाते. हातोडीचे टोक, खळग्यांची ओळ आणि भांडे धरणारी बोटे एकत्र स्पष्ट हवी असतील तर एफ/४ ला पर्याय नाही, पण फोकस नेमका करायचा तर तो एफ/२ लाच. मोकळी रिंग उघडायची, मागची डायल दाबून चित्र मोठे करायचे, खळग्याच्या काठावर फोकस आणायचा, रिंग अडेपर्यंत मिटवायची आणि पुढचा ठोका टिपायचा. थोड्या सरावानंतर हे सारे बोटांनी आपोआप होऊ लागते. तांब्यावर पडलेल्या खिडकीच्या प्रकाशाची झळाळी हेलिऑस जराशी पसरवते, त्यामुळे खळग्यांच्या कडांना मऊपणा येतो. तिथे तो मला आवडतो. नुकत्याच घासलेल्या, आरशासारख्या भांड्यावर तो नकोसा होतो आणि तेव्हा मी टाकुमार लावतो.

कॅमेऱ्याची बाजू थोडक्यात सांगतो. मेन्यूमध्ये लेन्सविना शटर चालू देणारा पर्याय सुरू करावा लागतो, नाहीतर कॅमेरा छायाचित्रच घेत नाही. ॲडॉप्टरच्या मेन्यूत लेन्सचे नाभीय अंतर नोंदवता येते. ते चित्राच्या माहितीत जाते, ॲपर्चरचा आकडा मात्र जात नाही. एक्स-टी२० च्या बॉडीत थरथर रोखणारी यंत्रणा नाही, म्हणून ५८ मिमीसाठी शटर १/१२५ सेकंदाच्या खाली जाऊ नये अशी मर्यादा ऑटो आयएसओमध्ये (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता आपोआप ठरवणाऱ्या सोयीत) घालून ठेवली आहे. फोकसच्या कडा रंगवून दाखवणारे पीकिंग उघड्या हेलिऑसवर फारसे उपयोगी नाही: तिचा कॉन्ट्रास्ट कमी असल्याने रंग फिकट उमटतो, आणि ॲपर्चर मिटवल्यावर तो सगळीकडे पसरतो. चित्र मोठे करून पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि त्यात चौकट क्षणभर नजरेआड होते ही किंमत मोजावी लागते. धावती मुले, ढोल-ताशा पथकातील उसळी, पालखीच्या गर्दीतून अचानक समोर येणारा चेहरा, हे ज्यांचे मुख्य विषय आहेत त्यांनी ऑटोफोकसच ठेवावा.

हेलिऑसचा प्रसिद्ध भोवरा, म्हणजे मागची पाने गोल फिरल्यासारखी दिसणे, हा चौकटीच्या कडांचा गुण आहे. एक्स-टी२० चा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपट लहान असल्याने नेमका तोच भाग कापला जातो. ५८ मिमीची दृष्टी ८७ मिमीइतकी अरुंद होते. माणूस दीड-दोन मीटरवर आणि दाट पालवी त्याच्या काही मीटर मागे असेल तर भोवरा हलकासा दिसतो. केवळ त्यासाठी ही लेन्स घेणाऱ्याची या आकाराच्या सेन्सरवर निराशा होईल.

टाकुमार ५५ ही माझ्या मते तिघींमधील सर्वांत उत्तम घडणीची लेन्स आहे. रिंग अजूनही लोण्यासारखी फिरते आणि एफ/४ ला मध्यभाग आजच्या लेन्सच्या तोडीचा येतो. तिच्या काही आवृत्त्यांमध्ये थोरियमयुक्त काच आहे, जी वर्षानुवर्षांत पिवळी पडते. माझी लेन्सही चहाच्या फिकट रंगाची होती. अतिनील प्रकाशात ठेवल्याने हा पिवळेपणा बराच उतरतो. मी त्यासाठी अतिनील दिवा वापरला, कारण उघडी लेन्स उन्हात ठेवून एखाद्या वस्तूवर किरण एकवटले तर आग लागू शकते. १३५ मिमीविषयी फार सांगण्यासारखे नाही: ती हलकी आहे, मंडईच्या उंच छताचे तपशील दुरून टिपते, पण दीड मीटरच्या आत फोकस करत नाही. तिन्ही लेन्सना ४९ मिमीचाच हूड (बाजूचा प्रकाश अडवणारी कड) बसतो आणि काचेवर असे जुने कोटिंग (लेप) असलेल्या लेन्स हूडवाचून बाहेर काढूच नयेत.

जुनी लेन्स घेताना ती पूर्ण उघडावी आणि मागून टॉर्च लावून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. ती कोटिंग खाते आणि पुसूनही डाग उरतात. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक असेल तर पाती हळू मिटतात. पिनच्या लेन्समध्ये हा मोठा दोष आहे, हेलिऑसमध्ये पाती हातानेच फिरत असल्याने त्याने फारसे अडत नाही. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणारे ड्राय कॅबिनेट लेन्सच्या आधी घ्यावे. पुण्यातही आषाढ-श्रावणात मी लेन्स चामड्याच्या जुन्या डब्यांत ठेवत नाही, कारण चामडे ओल धरते.

या लेन्स उघडून दुरुस्त करता येतात, ही मला सर्वांत मोलाची बाब वाटते. माझ्या हेलिऑसचे वंगण सुकून रिंग थंडीत अडत होती. एका जुन्या दुरुस्ती कारागिराने ती उघडली, पेच स्वच्छ करून नवे वंगण घातले, आणि आता अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत ती एकाच दाबाने फिरते. १३५ च्या रिंगमध्येही हल्ली किंचित खरखर जाणवते. यंदा पावसाळा सुरू होण्याआधी तीही त्यांच्याकडे द्यायची आहे.