नऊ महिने एका ऑथरिंग सॉफ्टवेअरसोबत: जिफचा वेग आणि प्रीव्ह्यूच्या थापा

दुप्पट वेग मागितला आणि जिफ, म्हणजे ते हलतं चित्र, पाचपट संथ झालं. नऊ महिन्यांपूर्वी माझी या ऑथरिंग, म्हणजे कोर्स बनवायच्या, सॉफ्टवेअरशी खरी ओळख इथून झाली, म्हणून अनुभवही इथूनच सांगते. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम घेत नाही. निम्मा दोष त्याचा नाहीच, आणि उरलेला निम्मा या जातीच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये थोड्याफार फरकाने सापडेल.

माझं काम ऑनलाइन प्रशिक्षणाचे कोर्स बनवण्याचं. स्लाइड, प्रश्नमंजुषा, ब्रांचिंग (उत्तरानुसार वेगळी वाट), शेवटी स्कॉर्म या ठरलेल्या स्वरूपात पॅकेज करून एलएमएसवर, म्हणजे कोर्स चालवणाऱ्या प्रणालीवर, चढवायचं. या सगळ्यात हे सॉफ्टवेअर उत्तम आहे. ट्रिगर (हे दाबलं की ते घडावं अशी सूचना) लावणं सोपं, क्विझचे गुण एलएमएसमध्ये बिनचूक पोचतात, नऊ महिन्यांत प्रोजेक्ट फाइल एकदाही करप्ट झाली नाही. यावर जास्त लिहीत नाही; चांगलं चालतं त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नसतं.

आता जिफ. एका कोर्समध्ये अर्ज कसा भरायचा हे दाखवणारं छोटं स्क्रीन रेकॉर्डिंग होतं. १५० फ्रेम (एकामागून एक दिसणारी चित्रं), जिफ फाइल, सगळं मिळून ३ सेकंदांचं काम. स्लाइडवर टाकलं, सॉफ्टवेअरच्या आतच प्रीव्ह्यू पाहिला, तर कर्सर रेंगाळत होता. मोजलं तर पावणेपाच सेकंदांच्या आसपास. प्रॉपर्टीजमध्ये शोधलं: रुंदी, उंची, पारदर्शकता, सावली, सगळं आहे, वेग नाही. मग ती जिफ ईझीजिफ नावाच्या वेबसाइटवर नेऊन वेग २०० टक्के केला. (आतल्या कामाचे स्क्रीन अशा साइटवर चढवू नयेत हे मला नंतर सुचलं. तेव्हा स्क्रीनवर नमुना माहिती होती म्हणून निभावलं.) परत आणून टाकली. प्रीव्ह्यूत अगदी हवी तशी, बरोबर दुप्पट. पब्लिश केलं, पाठवलं आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी तपासणी करणाऱ्या मॅडमचा फोन. "अहो, हा कर्सर झोपेत चालतोय का?" ब्राउझरमध्ये उघडलं तर तेच ३ सेकंदांचं रेकॉर्डिंग १५ सेकंद चाललं होतं.

सपोर्टला लिहिलं. कॅशे साफ करा, सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करा, फाइल लहान करा, अशी तीन दिवसांत तीन उत्तरं आली. तिन्ही करून पाहिली. कर्सर झोपेतच.

मग एका शनिवारी शांतपणे बसले आणि स्वतःच चाचणीची फाइल बनवली. १०० फ्रेम, प्रत्येकीवर मोठा आकडा, १ ते १००. तिच्या पाच प्रती, फरक फक्त दोन फ्रेममधल्या थांब्याचा, म्हणजे डिलेचा. जिफमध्ये हा डिले सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहितात. म्हणजे डिले ५ असेल तर १०० फ्रेमची एक फेरी ५ सेकंदांत पुरी व्हायला हवी. डिले १, २, ३, ५ आणि १० असे पाच नमुने केले आणि स्टॉपवॉच घेऊन दहा-दहा फेऱ्या मोजल्या.

डिले ५: ब्राउझरमध्ये ५ सेकंद, प्रीव्ह्यूत सव्वासहा. डिले १०: ब्राउझरमध्ये १० सेकंद, प्रीव्ह्यूत जवळजवळ ११. इथवर वाटलं, प्रीव्ह्यू जरा आळशी आहे, इतकंच. पण डिले २ आणि डिले ३ प्रीव्ह्यूत सारख्याच वेळात संपत होत्या, दोन्ही ३.१ सेकंदांत! ब्राउझरमध्ये मात्र एक २ सेकंदांत आणि दुसरी ३ सेकंदांत. आणि डिले १? प्रीव्ह्यूत दीड सेकंदाच्या जरा वर, ब्राउझरमध्ये चक्क १०.

या आकड्यांनीच गाठ सुटली. विंडोजचा साधा टायमर सेकंदाला ६४ ठोके देतो, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदाला एक. त्याच्यावर विसंबणाऱ्या प्रोग्रामला २० मिलिसेकंद थांबायचं असेल तर त्याला दोन ठोके वाट पाहावी लागते, म्हणजे ३१. तीस थांबायचं असेल तरी तेच ३१. पन्नास मागितले तर चार ठोके, साडेबासष्ट. माझे सगळे आकडे या हिशोबात चपखल बसले. आत नक्की काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही, पण प्रीव्ह्यू याच ठोक्यांवर चालतो असं धरूनच मी आता काम करते आणि अजून फसले नाही.

ब्राउझरची तऱ्हा निराळी. जिफ हा प्रकार १९८७ चा, कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन ऑनलाइन सेवा कंपनीने आणलेला. डिले लिहायची सोय १९८९ च्या सुधारित आवृत्तीत आली. त्या काळची यंत्रं इतकी संथ होती की लोक सर्रास ० किंवा १ लिहून मोकळे होत: यंत्राला जमेल तितकं पळव. पुढे यंत्रं वेगवान झाली आणि तीच चित्रं डोळ्यांपुढे थयथयाट करू लागली. म्हणून ब्राउझरनी एक नियम करून टाकला, तो आजही चालू आहे: डिले ० किंवा १ दिसला की त्यावर विश्वास ठेवायचा नाही, सरळ १० धरायचा. माझ्या जिफचा मूळ डिले २ होता. वेग दुप्पट केल्यावर तो १ झाला. ब्राउझरने १ चे १० केले. १५० फ्रेम, प्रत्येकी एक दशांश सेकंद, झाले १५ सेकंद. मूळ फाइल हात न लावता पब्लिश केली असती तर ३ सेकंदांत नीट चालली असती. प्रीव्ह्यूने खोटं सांगितलं आणि मी चांगल्या फाइलवर इलाज करत बसले.

म्हणून माझा पहिला नियम: जिफचा वेग प्रीव्ह्यूत बघायचाच नाही. ती जिफ ब्राउझरच्या टॅबमध्ये ओढून टाका, तिथे दिसेल तो वेग खरा. तिथे बरोबर आणि पब्लिश केलेल्या कोर्समध्ये चूक, असं असेल तरच सॉफ्टवेअरकडे बोट दाखवा.

डिले किती आहे हे पाहायला जिफसिकल हे फुकट साधन पुरतं. कमांड लाइनवर चालतं, दिसायला रुक्ष आहे, पण माहितीचा पर्याय दिला की प्रत्येक फ्रेमचा डिले सेकंदात दाखवतं. इमेजमॅजिक हे दुसरं साधनही सांगतं. काहीच हाताशी नसेल तर फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्येही दिसतो: २१, एफ९, ०४ हे तीन बाइट शोधा, पुढचा एक बाइट सोडा, त्यानंतरचे दोन बाइट म्हणजे डिले. लहान बाइट आधी येतो, त्यामुळे ४ असेल तर ०४ ००, आणि १० असेल तर ०ए ०० (हेक्समध्ये १० ला ०ए लिहितात). पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी ते ०१ ०० पाहिलं तेव्हा त्या तीन सपोर्ट उत्तरांची आठवण होऊन हसू आलं.

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. सापडेल त्या जिफचा डिले सरसकट ५ करत सुटले. एका कोर्समध्ये बटण दाबल्यावर हिरवी खूण येते, ती दीड सेकंद थांबते आणि मग पुढचा स्क्रीन येतो. स्क्रीन रेकॉर्डर असा थांबा एकाच फ्रेमवर लिहितो, डिले १५०. कारण स्क्रीनवर काही हललंच नाही तर नव्या फ्रेमची गरज काय? माझ्या सरसकट ५ ने त्या १५० चाही ५ केला. हिरवी खूण डोळ्याची पापणी लवावी तशी आली आणि गेली. शिकणाऱ्याला कळलंच नाही की काही बरोबर झालं. आता आधी यादी बघते. सगळ्या फ्रेमचे डिले सारखे असतील तरच एक आकडा सगळ्यांना लावते. नाहीतर प्रमाणात कमी-जास्त करते, आणि कमी करताना कुठलाही आकडा २ च्या खाली जाणार नाही हे पाहते.

२ च्याच डिलेवर आणखी वेग हवा असेल तर एक आड एक फ्रेम काढून टाकणं हाच मार्ग. त्यातही एक मेख आहे. फाइलचा आकार कमी केलेल्या जिफमध्ये प्रत्येक फ्रेम म्हणजे पूर्ण चित्र नसतं, आधीच्या फ्रेमपेक्षा जेवढं बदललं तेवढा तुकडा असतो. तशाच फ्रेम काढल्या तर चित्रावर चट्टे उठतात. आधी जिफसिकलने ऑप्टिमायझेशन उलगडायचं, म्हणजे प्रत्येक फ्रेम पुन्हा पूर्ण चित्र करायची, मग फ्रेम काढायच्या, मग पुन्हा आकार कमी करायचा.

खरं तर हा सगळा उपद्व्याप रेकॉर्डिंगच्या वेळीच टाळता येतो. सेकंदाला ६० फ्रेम घेतल्या तर डिले १.६७ हवा, आणि पूर्णांकाशिवाय काही लिहिता येत नाही. साधनाने अपूर्णांक कापला की १, म्हणजे मेलोच. ३० ला ३.३३, तोही पुरता बसत नाही. २५ ला बरोबर ४, २० ला बरोबर ५. मी आता स्क्रीन-टू-जिफ या रेकॉर्डरमध्ये २० ठेवते. कर्सर फिरवून दाखवायला त्याहून जास्त लागतच नाही, आणि फाइलही हलकी राहते.

डिले बरोबर असूनही वेग बिघडतो अशा दोन-तीन जागा आहेत. फाइल मोठी असेल तर पहिली फेरी अडखळत चालते आणि दुसरीपासून सुरळीत, कारण पहिल्या फेरीत फ्रेम अजून उतरत आणि उलगडत असतात. मी एकदा पूर्ण स्क्रीनची, शेकडो फ्रेमची जिफ टाकली होती; जुन्या लॅपटॉपवर तिचे हाल बघवत नव्हते. स्लाइडवर जेवढ्या जागेत दिसणार तेवढीच रुंदी-उंची आधी करून घ्यावी, सॉफ्टवेअरमध्ये कोपरा धरून लहान करू नये. तिथे ती दिसायला लहान होते, उलगडायला तेवढीच जड राहते.

दुसरी जागा टाइमलाइनची. या सॉफ्टवेअरमध्ये जिफ टाइमलाइनचं ऐकत नाही. स्लाइड पॉज केली, निवेदन थांबलं, तरी चित्र आपलं फिरतंय. लेयरवर (स्लाइडवर वरून उघडणाऱ्या थरावर) ठेवलेली जिफ लेयर दुसऱ्यांदा उघडल्यावर पहिल्या फ्रेमपासून सुरू होईलच असं नाही, कधी मधूनच सुरू होते. लोक याला "वेग बदलला" म्हणतात. वेग तोच असतो, सुरुवात हुकलेली असते.

त्यामुळे निवेदनाच्या शब्दाला जोडून काही दाखवायचं असेल तर मी जिफचा नाद सोडला आहे. एमपी४ करते. व्हिडिओ टाइमलाइनबरोबर थांबतो, पुढे सरकतो, आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची फाइल बहुतेक वेळा जिफपेक्षा बरीच लहान होते. आपोआप सुरू व्हायला हवा असेल तर आवाज बंद ठेवायचा, नाहीतर ब्राउझर अडवतात. मागची बाजू पारदर्शक हवी असेल तिथे मात्र नेहमीचा एमपी४ चालत नाही, तिथे जिफच. छोटे बाण, फिरणारी चक्रं, एखादी टिचकी दाखवणारा हात, एवढ्यापुरती ती अजून माझ्याकडे आहे.

आणि अखंड फिरत राहणाऱ्या जिफबद्दल एक. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत २.२.२ हा निकष सांगतो की आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ, बाकी मजकुराशेजारी हलत राहणारं काही असेल तर ते थांबवायची सोय हवी. या सॉफ्टवेअरमध्ये जिफला तसं बटण नाही. मी जिफखाली स्थिर चित्र ठेवते आणि "थांबवा" बटणाने जिफ लपवते. जुगाड आहे, पण तपासणीत पास झाला.

वर्गणी पुढच्या वर्षीही भरणार आहे. क्विझ आणि स्कॉर्मसाठी मला याहून बरं काही मिळालेलं नाही. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण प्रीव्ह्यूने खाल्ला, एक त्या न दिसणाऱ्या डिलेने. प्रॉपर्टीजमध्ये जिफचा डिले निदान दाखवा तरी, बदलू नका हवं तर, अशी विनंती मी पाच महिन्यांपूर्वी नोंदवली. सोबत त्या पाच चाचणी फाइली आणि सगळी मापं जोडली. काल पाहिलं, तिकिटावर "विचाराधीन" लिहिलंय, आणि खाली कोणीतरी मला कॅशे साफ करायला सांगितलंय.