पक्षाने पैसे उमेदवाराला द्यावेत की स्वतःच खर्च करावेत?

महाराष्ट्रात विधानसभेला पक्ष दोन प्रकारे मदत करतो. एक म्हणजे थेट उमेदवाराच्या निवडणूक खात्यात चेकने नाहीतर ऑनलाईन पैसे टाकायचे, मग ते खर्च झाले की 40 लाखांच्या मर्यादेत धरले जातात, मंडप, खुर्च्या, रिक्षावरचा भोंगा सगळं रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. दुसरं म्हणजे पक्ष स्वतःच जाहिराती, हेलिकॉप्टर, मोठ्या सभा करतो आणि त्याला मर्यादाच नाही! पण स्टार प्रचारकाच्या (पक्षाने प्रचारासाठी यादीत नेमलेल्या मोठ्या नेत्याच्या) स्टेजवर उमेदवार चढला, किंवा तिथे त्याचं नाव नाहीतर फोटो लागला, की त्या सभेचा खर्च त्याच्या नावावर येतो. मला पहिलाच मार्ग बरा वाटतो, उमेदवाराला निकालानंतर 30 दिवसांत हिशोब द्यावाच लागतो, पक्षाला मात्र 75 दिवस मिळतात. आणि अपक्षाकडे तर दुसरा मार्ग नाहीच, हे मला अजिबात पटत नाही.